मागच्या शॉकअपची शिम लेथवर बनवून घेतली, त्याची हकीकत

जुन्या गाडीला नवे शॉकअप बसवले आणि मागून टक-टक आवाज यायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, नवीन आहेत, हळूहळू बसतील. कधी कधी खरंच बसतात. माझे नाही बसले. शेवटी लेथवाल्याकडे जाऊन दीड मिलिमीटरच्या आसपासच्या दोन चकत्या, म्हणजेच शिम, बनवून घेतल्या तेव्हा कुठे आवाज गेला. जूनमध्ये सुरू झालेलं हे काम सप्टेंबरात आरटीओचं पासिंग झाल्यावर संपलं, मधे पाऊस आला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी आली. कोणाच्या गाडीला हाच त्रास असेल तर उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहितोय, खर्चासकट.

गाडी पल्सर १५०, २०१० सालची, जीए-०४ म्हणजे डिचोलीचं पासिंग. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. कामाला पणजीला जातो, वाट बहुतेक वेळा डिचोली, नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट, मग दुसऱ्या फेरीबोटीने जुनं गोवं आणि पुढे पणजी. फेरीवर चढताना-उतरताना रॅम्पच्या कडेला मागचं चाक आदळतं, त्यामुळे मागच्या शॉकअपमध्ये काही बिघडलं तर पहिलं तिथेच कळतं. गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. बाबा ती अजून रविवारी देवळापर्यंत घेऊन जातात, आणि ती त्यांना चांगल्या अवस्थेत मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होणार होती. खाजगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. १५ वर्षांवरच्या, २० वर्षांपर्यंतच्या दुचाकीला रिन्यूअलची फी १,००० रुपये आहे, १ एप्रिल २०२२ पासून, आधी ३०० होती. उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये वर लागतात. त्यामुळे माझा हिशोब साधा होता, ऑगस्टपर्यंत मागचा भाग ठणठणीत करायचा आणि मग अर्ज टाकायचा.

जूनच्या सुरुवातीला पहिला पाऊस पडला आणि गाडी धुताना डाव्या शॉकअपच्या रॉडवर तेलाचा पातळ थर दिसला, त्याच्यावर चिखल चिकटलेला. पुसला, दुसऱ्या दिवशी परत. सीट दाबून सोडली की गाडी एकदाच वर यायला हवी, ती दोन-तीनदा डुलायची. म्हणजे आतलं तेल अडवणारं सील गेलं होतं. हे गॅसवाले शॉकअप, बाजूला छोटा डबा असतो तो नायट्रोजनचा, रस्त्यावरच्या गॅरेजात उघडून दुरुस्त करण्यासारखं काम नाही ते. आणि एक बदलून दुसरा जुना ठेवायचा नसतो, दोन्ही बाजूंची ताकद सारखी पाहिजे नाहीतर वळणावर गाडी वाकडी वागते. कंपनीची जोडी मिळायला वेळ लागेल असं म्हणाले, म्हणून म्हापशाच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानातून दुसऱ्या बनावटीची जोडी घेतली, ३,४०० रुपये. घेताना जुना शॉकअप सोबत नेला होता आणि वरच्या डोळ्यापासून (डोळा म्हणजे शॉकअपच्या टोकाची गोल कडी, जिच्यातून तो गाडीला अडकतो) खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर दुकानातच मोजून घेतलं, तंतोतंत सारखं. हे प्रत्येकाने करावं, कारण 'या मॉडेलला बसतो' असं डब्यावर लिहिलेलं असतं पण लांबीत फरक निघाला तर गाडीची बसण्याची उंचीच बदलते. बसवायची मजुरी २०० रुपये.

डुलणं थांबलं, एकदम छान. पण आवाज सुरू झाला. नार्वेच्या फेरीच्या रॅम्पवरून उतरताना मागून 'टक', मग खड्ड्यात 'टक-टक'. मागे बायको बसली की आवाज जवळजवळ बंद, एकटा असलो की सुरू. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वजनाखाली शॉकअप एका दिशेने दाबलेला राहतो, त्यामुळे जिथे ढिलाई आहे ती झाकली जाते. वजन नसलं की चाक वर-खाली उसळताना शॉकअप त्या ढिलाईत मागे-पुढे आपटतो. शॉकअपच्या आतला बिघाड असेल तर तो सहसा वजनाने असा गप्प बसत नाही.

गाडी डबल स्टँडवर घेतली आणि वरच्या नटाजवळ, शॉकअपचा डोळा आणि फ्रेमचा स्टड, म्हणजे डोळा ज्यावर अडकतो तो दांडा, यांच्यामध्ये बोटाचं टोक ठेवलं. बायकोला सांगितलं की मागची सीट धरून वर-खाली हलव. बोटाला स्पष्ट जाणवलं, डोळा स्टडवर थोडासा सरकतोय, प्रत्येक वेळी अगदी बारीक ठोका. नट तर घट्ट होता, पान्याने हलत नव्हता. नट घट्ट आणि तरी शॉकअप ढिला, हे कसं काय, याचं उत्तर शोधण्यात पुढचे बरेच दिवस गेले आणि या लिखाणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

आधी गॅरेजवाल्याने काय केलं ते सांगतो, कारण बहुतेकांच्या बाबतीत तेच होणार. त्याने दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन साधे वॉशर घातले आणि नट आवळला. आवाज गेला. आठवडाभर मी खूश होतो, मग जुलैच्या मुसळधार पावसात परत यायला लागला आणि आधीपेक्षा जोरात. उघडून बघितलं तर वॉशर बशीसारखे वाकलेले, कडा गंजून लाल झालेल्या, आणि एका वॉशरच्या धारेने नव्या रबराला अर्ध्या नखाएवढी चीर पाडलेली. ती चीर बघून फार वाईट वाटलं. बाजारातला साधा वॉशर पत्र्यातून पंच करून काढलेला असतो, त्याची एक बाजू गोल आणि दुसरी धारदार असते, जाडी सगळीकडे सारखी नसते, भोक स्टडपेक्षा बरंच मोठं असतं त्यामुळे तो मधोमध बसत नाही. एकावर एक दोन घातले की आपण वॉशरची नाही, स्प्रिंगची जोडी घातल्यासारखं होतं. त्यात आपल्याकडची हवा, पाऊस आणि खाडीचा वारा, झिंकचं पॉलिश एका मोसमात संपतं.

आता मूळ कारण. फ्रेमला वेल्ड केलेला स्टड असतो, त्याचा फ्रेमकडचा भाग जाड आणि गुळगुळीत, पुढचा भाग थोडा बारीक आणि आटे असलेला. जिथे जाड भाग संपतो तिथे एक पायरी असते, लेथवाले तिला खांदा म्हणतात. शॉकअपच्या डोळ्यात रबर आणि रबराच्या आत लोखंडी नळी, म्हणजे बुश. हा बुश स्टडच्या जाड भागावर बसतो. बुश त्या जाड भागापेक्षा किंचित लांब असायला पाहिजे, म्हणजे नट आवळला की मोठा वॉशर बुशवर टेकतो आणि बुश फ्रेमवर गच्च दाबला जातो. मग बुश हलत नाही, फक्त रबर पिळवटतं, आणि रबराचं कामच ते. पण बुश आखूड असेल तर वॉशर बुशवर टेकायच्या आधी खांद्यावर टेकतो. नट गच्च आवळला जातो, पान्याला वाटतं सगळं ठीक, आणि बुश मात्र आत मोकळाच. माझ्या नव्या शॉकअपचे बुश जुन्यापेक्षा आखूड होते, डोळ्यांतलं अंतर सारखं असूनसुद्धा. दुकानात लांबी मोजताना बुशची रुंदीसुद्धा मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणजे मला पाहिजे होती ती जागा भरणारी पॅकिंग, पण नेमक्या मापाची. बारीक मापं घ्यायचा डिजिटल व्हर्नियर घेतला ६५० रुपयांना, घरात कायम उपयोगी वस्तू आहे. मोजायच्या आधी एक काम केलं ते फार गरजेचं होतं. स्टडच्या मुळाशी, जिथे बुश फ्रेमला टेकतो, तिथे रंगाचे जाड थर होते, कधीतरी गाडी रंगवली होती तेव्हाचे. बुश रंगावर दाबला तर थोड्या दिवसांनी रंग चिरडतो आणि परत ढिलाई येते. म्हणून पॉलिश पेपरने ती टेकण्याची जागा उघडी लोखंडी केली. रंग काढल्यावर स्टडचा जाड भाग मोजायला थोडा लांब भरतो, म्हणून आधी खरवडायचं आणि नंतर मोजायचं, उलटं केलं तर चकती पातळ पडेल.

व्हर्नियरच्या मागून जी बारीक पट्टी बाहेर येते ना, खोली मोजायची, तिने फ्रेमपासून खांद्यापर्यंत मोजलं, चार बाजूंनी. मग बुशची लांबी मोजली. डावीकडे बुश १.४ मिलिमीटरने आखूड, उजवीकडे १.१ ने. दोन्ही बाजूंचा फरक सारखा असेल असं धरून चालू नका, वेल्डिंग हाताने केलेलं असतं. आणि फक्त फरकाएवढी चकती घालून भागत नाही, कारण मग वॉशर बुशवर आणि खांद्यावर एकदमच टेकेल आणि बुशवर दाब येईलच याची खात्री नाही. बुश आणि चकती मिळून खांद्याच्या थोडं बाहेर आलं पाहिजे. मी ०.३ जास्त धरले, म्हणजे डावी १.७ आणि उजवी १.४. यापेक्षा बरीच जाड करण्यात फायदा नाही, शॉकअप उगाच बाहेर सरकतो आणि नटाला आटे कमी मिळतात. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या शॉकअपचे. तुमचे तुम्हीच मोजा, कृपा करून हे उचलून थेट लेथवर जाऊ नका.

भोकाचं माप स्टडच्या जाड भागापेक्षा फक्त ०.२ मोठं, म्हणजे हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही. बाहेरचा घेर बुशच्या लोखंडी नळीएवढा किंवा किंचित मोठा, रबराला किंवा डोळ्याच्या कडेला लागता कामा नये. नाहीतर शॉकअप हलताना ती घासणार आणि दुसराच आवाज सुरू होणार.

चकती फ्रेमच्या बाजूला घालायची की बाहेर नटाच्या बाजूला, हाही प्रश्न होता. आत घातली तर शॉकअपचं डोकं बाहेर सरकतं, बाहेर घातली तर आहे तिथेच राहतं. शेजारी घराचं प्लास्टर चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. गाडी सपाट लादीवर डबल स्टँडला लावली, आधी मागच्या चाकाला ओळंबा लावून गाडी सरळ उभी आहे ना ते बघितलं, मग मागे बसून दोरी खालच्या बोल्टच्या मधोमध खडूने केलेल्या खुणेवर आणली आणि वर बघितलं. दोन्ही बाजूंना वरचा डोळा दोरीपेक्षा साधारण दोन मिलिमीटर आत होता. म्हणजे आत चकती घातली की शॉकअप जवळजवळ सरळ रेषेत येणार होता. शॉकअप तिरका बसला तर रॉड सीलवर एकाच बाजूने घासतो आणि नवं सीलसुद्धा लवकर जातं, त्यामुळे हे बघण्यात घालवलेली संध्याकाळ वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही.

मग लेथ. ऑगस्ट उजाडला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एक-दोन वर्कशॉपमध्ये विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की दोन नगांचं काम आम्ही घेत नाही, सेटिंगलाच वेळ जातो. त्यांचंही बरोबर आहे. एका ओळखीच्या ट्रकवाल्याने सांगितलं, उसगाव-तिस्कच्या बाजूला जा, तिथे जुने लेथवाले आहेत. त्या भागात खाणींच्या ट्रकांमुळे गॅरेजं आणि लेथ वाढले. पिना, बुश, शॅकल, रोजचं काम तेच. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये परत सगळं थांबलं. कितीतरी वर्कशॉप तेव्हा बंद झाले. जे राहिले त्यांनी छोटी-मोठी जी येतील ती कामं धरली, आणि म्हणूनच माझ्यासारख्याचं दोन चकत्यांचं कामसुद्धा तिथे कोणी घेतं.

तिथे ज्या लेथवाल्या काकांकडे गेलो ते मूळचे सावंतवाडीकडचे, चाळीसेक वर्षं लेथवर. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं, आतलं भोक, बाहेरचा घेर, जाडी, आणि बाजूला लिहिलेलं, 'जाडी सगळीकडे सारखी पाहिजे.' सोबत एक शॉकअप पण नेला होता. त्यांनी चित्र चष्म्यावरून बघितलं, बुश हातात फिरवला आणि म्हणाले,

"पॅकिंग पाहिजे म्हण की. पण एमएसमध्ये, साध्या लोखंडात, करू नको रे, दोन पावसात गंज खाऊन टाकेल."

"ॲल्युमिनियम चालेल का काका?"

"मऊ पडतं ते. नट आवळलास की बुश त्यात रुतणार, मग परत ढिलं. थांब, स्टेनलेस बघू."

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक गोल तुकडा काढला. औषध कंपन्यांच्या मेंटेनन्सची कामं त्यांच्याकडे येतात, त्यातले उरलेले ३०४ ग्रेडचे तुकडे ते जपून ठेवतात. माझ्या चकत्यांना बोटभर लांबीचा तुकडा पुरे होता.

"चवथीच्या आधी देतो," म्हणाले. चवथ २७ ऑगस्टला होती, आणि आपल्याकडे चवथीच्या आधीचा आठवडा म्हणजे माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, घराची रंगरंगोटी, मुंबई-पुण्याची माणसं येणार त्यांची तयारी, कोणाचंच कामात लक्ष नसतं. म्हणून मी म्हटलं, सांगाल त्या वेळेला येतो आणि थांबतो. ते हो म्हणाले आणि मला सगळं बघायला मिळालं.

स्टेनलेस कापणं वेगळं असतं. टूल नुसतं घासत राहिलं की वरचा थर कडक होतो आणि मग टूलच बोथट होतं, म्हणून स्पीड कमी ठेवायचा आणि टूल धारदार, एकदा लागलं की कापतच पुढे गेलं पाहिजे. काकांनी आधी टोक सपाट केलं, मग छोट्या ड्रिलपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने भोक मोठं केलं, शेवटचं माप बोरिंग टूलने आणलं. दर वेळी स्टडच्या मापाची एक पिन आत घालून बघायचे, जी त्यांनी मी दिलेल्या मापावरून आधीच बनवून ठेवली होती. बाहेरचा घेर घासला आणि मग पार्टिंग टूल, म्हणजे कापून वेगळं करायचं टूल, लावलं. पार्टिंग टूल हळूहळू आत जात होतं, तेलाचे थेंब पडत होते, बारीक धूर, आणि मग 'टिंग' करून चकती खाली ट्रेमध्ये पडली. गरम होती. एका कडेला केसासारखी धातूची मिशी राहिलेली, त्यांनी ती कानशीने एका फटक्यात काढली.

पण तुटलेली बाजू अगदी सपाट नसते, मधे किंचित खोलगट राहते. एवढी पातळ चकती लेथच्या चकमध्ये (तुकडा पकडणाऱ्या जबड्यात) परत धरता येत नाही, वाकते. म्हणून त्यांनी दोन्ही चकत्या मापापेक्षा ०.०५ जाड ठेवल्या होत्या. एक जाड काच आणली, त्याच्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, वर थोडं रॉकेल, आणि चकती माझ्या हातात दिली.

"घे. आठचा आकडा काढत घास. एका जागी दाब देऊ नकोस."

चकतीच्या तुटलेल्या बाजूला त्यांनी काळ्या मार्करने पूर्ण रंगवलं. घासायला लागलो की आधी कडेचा काळा रंग जातो आणि मधे गोल काळी रेघ राहते, म्हणजे तिथे खोल आहे. ती रेघ पूर्ण गेली की बाजू सपाट झाली. एवढा साधा उपाय, आणि डोळ्यांनी दिसतं किती राहिलंय ते. अधूनमधून ते मायक्रोमीटर लावून चार ठिकाणी जाडी बघायचे. शेवटी ४०० नंबरवर घासलं. डावी १.७० ते १.७१, उजवी १.४० च्या जवळपास. माझी बोटं काळी आणि आखडलेली, पण ती चकती हातात घेतल्यावर जे वाटलं ते सांगता येणार नाही. पैसे विचारले तर ते आधी घ्यायलाच तयार नव्हते, मग ३०० घेतले, आणि त्यातच दोन्ही मापांची एकेक जादा करून दिली.

बसवणं घरी केलं, चवथीच्या आदल्या शनिवारी. एका वेळी एकच बाजू उघडली म्हणजे चाक दुसऱ्या शॉकअपने धरलेलं राहतं आणि भोकं जुळवायला झटापट होत नाही. चीर पडलेलं रबर बदललं, वरच्या बुशचा सेट ८० रुपयांना मिळाला, लांबी काढलेल्या बुशएवढीच आहे हे मोजून मगच घेतला. स्टड पुसला, पातळ ग्रीस लावलं, कारण स्टेनलेस आणि साधं लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की लोखंड लवकर गंजतं. ग्रीस रबराला लागू द्यायचं नाही. मग चकती, मग शॉकअप, मग मोठा वॉशर. नट लावायच्या आधी वॉशर बोटाने दाबून बघितला, खांदा आणि वॉशरमध्ये बारीक फट दिसली पाहिजे. दिसली.

नट आधी नुसता हाताने टेकेपर्यंत लावला. पूर्ण आवळला तो गाडी स्टँडवरून खाली घेऊन, बाबांना वर बसवून. गाडी स्टँडवर असताना चाक लोंबकळत असतं, तेव्हा नट आवळला तर बुश त्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. गाडी रोज ज्या उंचीवर असते त्या उंचीवर बुश पकडला गेला पाहिजे. गॅरेजमध्ये ही गोष्ट फार कमी ठिकाणी पाळली जाते, तुम्ही शेजारी उभे असाल तर सांगा त्यांना, कोणी नाही म्हणणार नाही.

त्याच संध्याकाळी नार्वेला गेलो, फक्त फेरीवर चढायला. चढताना काही नाही, दिवाडीला उतरताना मागचं चाक रॅम्पच्या कडेवरून खाली आलं तेव्हा फक्त टायरचा आवाज. परत येताना मुद्दाम खड्ड्यांच्या बाजूने आलो. काही नाही. खूप आनंद झाला, घरी येऊन बाबांना चावी दिली आणि म्हटलं तुम्ही बघा, ते एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "आता गाडी गप्प झाली."

चवथ झाली, पाहुणे गेले, आणि सप्टेंबरात रिन्यूअलचा अर्ज टाकला. वाहन पोर्टलवर फॉर्म २५, फी भरायची, रिन्यूअलचे १,००० आणि स्मार्ट कार्डाचे २००, बाकी कर असेल तो वेगळा, तारीख घ्यायची. सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी आणि चेसिस नंबरचं पेन्सिल प्रिंट. चेसिस नंबरवरची माती आणि गंज घरीच साफ करून जा, तिथे घासत बसावं लागतं.

माझ्या मनात एक धाकधूक होती की शॉकअप दुसऱ्या बनावटीचे आणि त्यात ही चकती, हे मॉडिफिकेशन म्हणून धरलं तर काय. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून काढलं. आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, असा त्याचा रोख आहे. इंजिन, चेसिस, रंग, व्हीलबेस, यातलं काहीच मी बदललं नव्हतं. तरी शॉकअपचं बिल खिशात ठेवलं. इन्स्पेक्टरने चेसिस नंबर बघितला, लाईट, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, टायरची नक्षी, मग मागची सीट दोनदा दाबली आणि विचारलं, "शॉकअप नवीन घातले काय?" मी हो म्हटलं आणि बिल पुढे केलं, त्यांनी बघून परत दिलं. पास. आरसी पुढच्या पाच वर्षांची, २०३० पर्यंत.

एकूण खर्च लिहून ठेवतो: शॉकअपची जोडी ३,४००, बसवायची मजुरी २००, व्हर्नियर ६५०, लेथ ३००, रबर-बुश ८०, आणि पॉलिश पेपर-ग्रीस मिळून शंभराच्या आत. आरटीओचा वेगळा. ज्या भागामुळे आवाज गेला तो फक्त ३०० रुपयांचा आहे, व्हर्नियर कोणाकडून मागून आणलात तर खर्च आणखी कमी.

नवीन बसवल्यावर थोडे दिवस चालवून नट परत एकदा तपासा, गाडी खाली असतानाच. मी ऑक्टोबरात तपासला, अगदी किंचित फिरला, त्यानंतर हललेला नाही. लेथवर जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका, शॉकअप आणि मापं लिहिलेला कागद न्या, आणि सोबत ज्या स्टडवर ती बसणार त्याचं माप दोनदा घेतलेलं असू द्या. स्टडचे आटे झिजलेले असतील किंवा स्टड वेल्डपाशी हलत असेल तर चकतीचा काही उपयोग नाही, ते आधी फ्रेमचं काम करणाऱ्याला दाखवायचं. काकांनी दिलेल्या दोन जादा चकत्या ग्रीस लावून प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखालच्या टूलकिटमध्ये ठेवल्या आहेत, पिशवीवर माप आणि 'डावी', 'उजवी' लिहून.